तिच्या बाबूजींसमोर एक तास

बाबा, तुम्ही असतात तर हे सगळं तोंडानंच सांगितलं असतं, आणि तुम्ही मध्येच म्हणाला असतात, "हळू बोल बे, कोणी पळून नाही चाललं." तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. हातात पेन धरलं की माझा वेग जरा कमी होतो, म्हणून लिहायला बसलो. आई म्हणते, मराठीत विचारलं तरी मी उत्तर हिंदीतच देतो. खरं आहे. पण तुम्हाला हिंदीत लिहायला हातच वळत नाही. चुका झाल्या तर समजून घ्या.

मी आपल्या वृंदावन योजना कॉलनीतल्याच एका लाइब्रेरीत नोकरी करतो. नाव लाइब्रेरी, पुस्तक एकही नाही. लाकडी फळ्या लावून केलेले सत्तर कप्पे, प्रत्येकात एक खुर्ची आणि एक दिवा. सरकारी परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं-मुली महिनाभरासाठी सीट घेतात आणि आपापली पुस्तकं घेऊन एसीत बसतात. काउंटरवर बसून शांतता राखायची हे माझं काम. तुम्हाला हसू येत असेल. ज्या पोराचा आवाज चौथ्या मजल्यावरून खाली भाजीवाल्यापर्यंत जायचा, तो आता ओठांवर बोट ठेवून लोकांना गप्प करतो. पहिल्या महिन्यात फोनवर बोलणाऱ्या एकाला गप्प करताना मीच इतका ओरडलो की सत्तरच्या सत्तर माना वर झाल्या. आता सुधारलो आहे.

कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडलं. सगळ्यांना सांगतो की सरांशी भांडण झालं. झालं होतंच, पण तुमच्यापाशी पूर्ण सांगतो. आमच्या वर्गात एक मुलगी होती. अठरा दिवस ती माझ्याशी बोलली नव्हती, चूक माझीच होती, आणि मी शेवटच्या बाकावर बसून तिच्या वेणीकडे बघत होतो. सरांनी मला काहीतरी विचारलं. मला ऐकूच आलं नाही. सर म्हणाले, "जनाब, इश्क बाहर जाकर फरमाइए, यहाँ हाज़िरी लगती है." अख्खा वर्ग हसला. ते चाललं असतं बाबा, पण तीही हसली. मी उठलो, सरांना नको ते बोललो, बॅग उचलली आणि जो बाहेर पडलो तो परत गेलोच नाही. आईनं महिनाभर विनवण्या केल्या. सर स्वतः फोन करून म्हणाले, "आ जाओ भई, बात ख़त्म करो." मी फोन कापला.

ती मात्र मला सोडून गेली नाही, याचं मला अजून नवल वाटतं. तिनं बीए पूर्ण केलं, आता एका छोट्या शाळेत शिकवते. दुपारी मधल्या सुट्टीत तिचा फोन येतो, दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांवर माझा पूर्ण दिवस उभा असतो. फोन दोन मिनिटं उशिरा आला तरी मी काउंटरवरचे पेन रंगाप्रमाणे लावायला घेतो. मागच्या आठवड्यात ती म्हणाली, "बाबूजी से मिलने आओ. इतवार को." मी म्हटलं, आत्ता येतो. ती म्हणाली, "सुन तो लो. एक घंटा बैठना है. वो उलटा-सीधा पूछेंगे, उनकी आदत है. तुम बीच में उठ गए, तो फिर मेरी तरफ़ से भी उठ गए." मी विचारलं, हा काय नियम? ती म्हणाली, "तुम हर जगह से उठ जाते हो, यार. कॉलेज से उठे, दो नौकरियों से उठे. कल को मुझसे कोई बात होगी तो मैं किवाड़ देखती रहूँगी क्या?"

मला राग आला नाही, बाबा. कारण हे मी कुठेतरी आधी ऐकलं होतं, आणि ते तुमच्याकडून.

शनिवारी माझी शाळा लवकर सुटायची आणि मी चारबाग स्टेशनात तुमच्या रेल्वे सिग्नलच्या ऑफिसात येऊन बसायचो. तुम्ही आणि तुमच्याबरोबर काम करणारे पंडितजी जेवत असायचात. तुमच्या डब्यात ठेचा, त्यांच्या डब्यात पुरी आणि कद्दूची सब्जी. मधल्या लोखंडी टेबलावर दोन्ही डबे उघडे. पंडितजी ठेचा खाऊन घामाघूम होत आणि म्हणत, "यह खाना है या सज़ा?" आणि पुन्हा घेत. सोमवार ते शुक्रवार तुमचं दोघांचं भांडण चालायचं. ते म्हणायचे आत्मा आहे, तुम्ही म्हणायचात नाही. पण शनिवारी तुम्ही बाजू बदलायचात. त्या दिवशी पंडितजींनी बुद्धाच्या बाजूनं बोलायचं आणि तुम्ही आत्म्याच्या. मला हा नियम कोणी सांगितलाच नव्हता. मी दारापाशी उभा आहे, अकरा वर्षांचा, पाठीला दप्तर, आणि माझे बाबा, दर रविवारी आम्हाला पंचशील म्हणायला लावणारे बाबा, हात वर करून सांगत आहेत की देह गेला तरी आत कुणीतरी उरतं. आणि इतकं छान सांगत आहेत की पंडितजी डबा विसरून ऐकत आहेत. मला रडू आलं. मला वाटलं, माझे बाबा फितूर झाले.

दुसऱ्याच दिवशी आपल्या घरी वंदना होती. पावसाळ्यातले वर्षावासाचे दिवस, ग्रंथवाचनाला सहा मराठी कुटुंबं आलेली, समोर पोहे. वाचन संपल्यावर तुम्ही नेहमीप्रमाणे विचारलं, "कोणाला काही प्रश्न?" आणि मी उभा राहून सांगून टाकलं, "बाबा आत्मा मानतात. मी काल ऐकलं." कोपऱ्यातल्या एका काकांचा पोह्यांचा चमचा हवेतच राहिला. तुम्ही इतके हसलात की तुम्हाला खोकला आला. मग सगळेच हसले, आणि मी पाय आपटत उठलो आणि जिन्यात जाऊन बसलो.

सगळे गेल्यावर तुम्ही स्वयंपाकघरात कपबशा विसळत होतात. मला आत बोलावलंत. मला वाटलं आता समजूत काढाल. तुम्ही मागे न बघताच म्हणालात, "तू मी काय बोललो ते ऐकलं. कोणाच्या बाजूनं बोलून राहिलो होतो, ते नाही ऐकलं." मग नळ बंद केलात. "पंडितजीचं म्हणणं मले पंडितजीपेक्षा बेकार मांडता येत असंन, तर मग मी त्याले नाही कशाच्या भरवशावर म्हणतो?" मला काही कळलं नाही, मी पुन्हा निघालो. तेव्हा तुम्ही आवाज चढवलात. एरवी कधी चढवायचा नाहीत. "बस खाली. उठून जाणाऱ्याले अर्धीच गोष्ट भेटते. सगळीकडून अर्धी-अर्धी घेऊन फिरशील काय जिंदगीभर?" मी ओट्याखाली फरशीवर बसलो. तुम्ही ओला कप माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, पूस. दोन वर्षांनी थंडीत तुम्ही गेलात, आणि मी सगळीकडून अर्धी-अर्धीच घेऊन फिरलो.

तर गेल्या रविवारी मी सरोजिनी नगरला तिच्या घरी गेलो. इस्त्रीचा शर्ट, आईनं दिलेला पेठा. बाबूजी पोस्टातून रिटायर झालेले, बनियनवर उपरणं, समोर चहा. घड्याळ नेमकं त्यांच्या डोक्यामागे टांगलेलं. मी नमस्ते केलं, बसलो, तेव्हा चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

"पढ़ाई?"

"छोड़ दी."

"क्यों?"

"गुस्सा आ गया था."

"किस पर?"

आतल्या दारात ती उभी होती. काय सांगणार? म्हटलं, "सब पर." बाबूजींनी मान डोलावली, जणू हा एखादा विषयच असावा. मग विचारलं, करतोस काय. मी म्हटलं, लाइब्रेरीत आहे. त्यांचा चेहरा खुलला. "अच्छा, किताबों के बीच में रहते हो!" मला खोटं बोलता आलं असतं. म्हटलं, "किताबें नहीं हैं, बाबूजी. कुर्सियाँ हैं." आतून तिच्या अम्मांच्या हसण्याचा आवाज आला.

मग त्यांनी विचारलं, घरी पूजापाठ कोणता. मी सांगितलं, आम्ही बौद्ध. त्यांनी बिस्किट चहात बुडवलं. "अच्छा. वही, महाराष्ट्र वाले."

बाबा, त्या 'वही'नं माझे कान तापले. तुम्ही असले शब्द आयुष्यभर ऐकलेत, मला माहीत आहे. माझे गुडघे आपोआप सरळ झाले, मी उभाच राहिलो. दारात तिचा चेहरा पांढरा पडलेला दिसला. घड्याळात चार बावीस.

"कहाँ?" बाबूजींनी विचारलं.

तोंडातून निघालं, "पंखा तेज़ कर दूँ?" आणि मी खरंच भिंतीपर्यंत गेलो, रेग्युलेटरला हात लावला आणि परत येऊन बसलो.

पुढे ते बोलत राहिले, मी ऐकत राहिलो. सुरुवातीला दात दाबून, मग खरंच. म्हणाले, "देखो, बचपन में हम आम चुराते थे, अब घुटना पकड़े बैठे हैं. वह चोर और यह बूढ़ा एक ही आदमी हैं, यह तो मानोगे? तो भीतर कोई एक बैठा होगा जो बदला नहीं. तुम लोग कहते हो, कोई नहीं." मी उत्तर तयार करत होतो, आणि एकदम तुमचा तो शनिवार आठवला. म्हटलं, आधी यांचंच धड मांडून बघू. मी म्हणालो, "मतलब आप कह रहे हैं कि भीतर कोई न बदलने वाला न हो, तो उस चोरी की शर्म आज आपको क्यों आए? शर्म आती है, यानी वही आदमी है." बाबूजींनी मांडीवर हात मारला. "अरे! यह तो हमने सोचा ही नहीं था. सुनती हो, लड़का हमारी तरफ़ का निकला!" अम्मा आतून म्हणाल्या, "पहले पूछ लो, लड़की की तरफ़ का है कि नहीं."

बाबूजींनी तोच धागा पकडला. हसत होते, पण डोळे हसत नव्हते. "हाँ, यह बताओ. भीतर कोई है ही नहीं, तो हमारी बेटी से प्रेम कौन करता है? और कल को वह बदल गया, तो हम किसे ढूँढ़ने जाएँगे?"

हा चर्चेचा प्रश्न नव्हता, बाबा. एक बाप विचारत होता. मी म्हणालो, "मेरे बाबा कहते थे, प्रेम करने वाला पहले से भीतर तैयार नहीं बैठा होता. करते-करते बनता है. इसलिए बीच में छोड़ना नहीं चाहिए, नहीं तो अधबना रह जाता है."

बाबूजींनी कप खाली ठेवला. म्हणाले, "तुम्हारे पिताजी के पास बैठना चाहिए था हमें." मग, "पंखा पाँच पर ही था, बेटा. हमने देखा था. बुरा लगा था?"

"जी."

"किस बात का?"

"'वही' का."

त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "हम्म. मुँह से निकल गया." एवढंच. माफी नाही, पण नजर चुकवली नाही त्यांनी, आणि मीही नाही. त्यांनी होकार दिला नाही, नकारही नाही. म्हणाले, पुढच्या रविवारी ये, आणि पढ़ाईची गोष्ट अजून संपलेली नाही, अर्धवट बीए मला चालत नाही. मी म्हटलं, जी. फाटकाशी ती म्हणाली, "एक घंटा बीस मिनट." आणि माझ्या शर्टावरचा बिस्किटाचा कण झटकला. घरी येईपर्यंत मी रस्त्यात तीन वेळा एकटाच हसलो, एका ऑटोवाल्यानं विचारलंही, "भैया, सब ठीक?"

काल मी सरांना फोन केला. नाव सांगितल्यावर ते म्हणाले, "जनाब! हाज़िरी लगवानी है?" मी फोन कापला नाही. ते परत प्रवेश घ्यायच्या फॉर्मबद्दल सांगत होते, मी लिहून घेतलं, शेवटपर्यंत. पंधरा मिनिटं लागली. आता लाइब्रेरीत दुपार आहे, सगळे माना खाली घालून बसले आहेत, आणि मला बरं वाटतंय. हे पत्र कुठे टाकायचं नाहीये. गेल्यावर मागे पत्र घ्यायला कोणी बसलेलं नसतं, हे तुम्हीच शिकवलंत. तरी एक सांगायचं राहिलं, ते या रविवारी बाबूजींनाही सांगावं लागेल, कारण ते तुमच्याबद्दल आणखी विचारणार आहेत. प्रेम करता करता माणूस बनतो, असं तुम्ही कधीच म्हणाला नव्हतात. ते त्या खुर्चीत बसल्या बसल्या मला सुचलं, बाबा. माझं म्हणून सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून तुमच्या नावावर सांगितलं.