वाटी परत करायची राहिली

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग पुरता गेलेला नाही. कापसाच्या त्या वाईट वर्षांत वरून आदेश आला होता की, कोणी जिवाचं बरंवाईट करण्याआधीच तीन खात्यांनी मिळून खचलेल्या घरांवर लक्ष ठेवायचं. तुम्ही उपकेंद्राच्या नर्सबाई, मी नवाकोरा कृषी सहायक, आणि तिसरी अंगणवाडीताई. कोणी कोणत्या घरी कधी जायचं, याचे तक्ते मी रात्रंदिवस खपून आखले. तुम्ही त्यांच्याकडे बघितलंही नाही. "घरात गेलं का एक वाटी मांगून आना, भाऊ," म्हणालात. "मांगून आनलेली वाटी वापस द्या लागते. आन् रिकामी देता येत नाही." मग एकाने वाटी आणायची, दुसऱ्याने भरून परत न्यायची, तिसऱ्याने पुन्हा काही मागायला जायचं. मला हा पोरखेळ वाटायचा. पण दारं उघडायची, हे खरं.

फुलसावंगीकडच्या तांड्यावरची ती बाई आठवते? दोनदा पेरूनही कापूस उगवला नव्हता, नवरा ऊसतोडीला गेलेला, घरात ती एकटी. तिची पितळी वाटी ताईने आणून माझ्याकडे दिली होती आणि परत न्यायची पाळी माझी होती. त्या दिवशी महागावला मीटिंग निघाली. ताई तिकडूनच जाते, बघेल ती, असं मी धरून चाललो. ताईला वाटलं, तुम्ही जाल. तक्त्यावर मात्र मी भेटीची खूण करून टाकली.

आठ दिवसांनी तुम्ही माझ्या कार्यालयात उभ्या आहात. टेबलावर तीच वाटी, तिच्यात माझ्या टाचण्या. "कागदावर तं तुम्ही जाऊन आले. मंग वाटी इथं कायले हाय?" तुम्ही थेट तांड्यावरून आल्या होतात. तिची चूल तीन दिवस पेटली नव्हती, आणि ती कोणाशी बोलत नव्हती. तिला तुम्ही तुमच्या क्वार्टरवर आणलंत, नवरा परतेपर्यंत महिनाभर ठेवलंत. ती वाचली ती तुमच्यामुळे. "आपन तिघं आहो ना भाऊ, म्हनूनच कोनी गेलं नाही." हे तुम्ही शिपायासमोर बोललात, त्याचा राग. खरं बोललात, त्याचा जास्त.

वाटी परत द्यायला मी लाजेपोटी कधी गेलोच नाही.

आता निवृत्त होऊन यवतमाळात राहतो. बायको गेली, मुलगी लांब आहे. घर सुनं सुनं वाटतं, बाई, फार वाटतं. परवा त्याच वाटीतून शेजारी लिंबाचं लोणचं दिलं. "वाटीची घाई नाही," असं त्यांना सांगितलं. खोटं सांगितलं. कालपासून दाराशी खुर्ची टाकून बसलो आहे.