डाव्या डोळ्याची वाट

प्रिय धाकटे,

माझ्या डाव्या डोळ्याची अश्रुनलिका बंद आहे, म्हणून तो सारखा वाहतो. काल डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरून तसं पक्कं सांगितलं. गाठबीठ काही नाही, तेव्हा आधी श्वास सोड आणि मग पुढचं वाच.

पहिल्यांदा त्यांनी पापणीच्या कडेच्या बारीक छिद्रातून मिठाचं पाणी सोडलं. उजवीकडचं सरळ घशात उतरलं, खारट लागलं. डावीकडचं उलटं गालावर आलं. वाट बंद आहे एवढं कळलं, पण नेमकी कुठे, त्यासाठी एक्स-रे. तळघरातली खोली, थंडगार टेबल, हनुवटी वर. त्याच छिद्रांतून एक औषध सोडतात, ते फोटोत पांढरं दिसतं. दुखलं नाही, नुसतं ताणल्यासारखं झालं. मशीनवरची मुलगी म्हणाली, "आजी, रडू नका, झालंच." म्हटलं, "अगं, त्याच तक्रारीसाठी तर आलेय." दोघीही हसलो, फोटो हलला आणि परत काढावा लागला. दुसऱ्या खेपेला तिनं मला आधीच बजावलं, "आता विनोद नकोत हं."

फोटोत उजवीकडे दोऱ्यासारखी रेघ थेट नाकात उतरलेली. डावीकडे नाकाच्या कडेला एक फुगीर ठिपका आणि त्याच्याखाली काहीच नाही.

तुझ्या मावशीला सांगितलं, तर म्हणते, "एक्स-रेत दुःख दिसतं होय?" तुझे बाबा गेल्यापासून ती येते, माझा गाल ओला बघते आणि घरी जाऊन तुला फोन लावते. मी भाजी चिरत असले तरी तिच्या लेखी रडतच असते. एकदा तिच्याच गोष्टीवर मी हसत होते, तर तिनं मला जवळ घेतलं. मी तशीच टेकून राहिले. बरं वाटलं होतं. आणि रडले नाही असंही नाही. बाबांचे शर्ट देऊन टाकले त्या दुपारी रडले, दार लावून, दोन्ही डोळ्यांनी. ते मावशीला ठाऊक नाही.

फोनवर माझा चेहरा दिसला की तू काही ऐकून घेत नाहीस, म्हणून हे लिहितेय. महिनाअखेरीला तू राजीनामा देणार, असं मावशीकडून कळलं. ज्या जागेसाठी इतकी वर्षं घासलीस, ती नुकतीच मिळालीय. ती सोडून माझे डोळे पुसायला येणार. देऊ नकोस. तुला इथं यावंसं वाटत असेल तर ये, पण बंद नळीपायी नको. पुढच्या गुरुवारी ऑपरेशन आहे, अश्रूंच्या पिशवीतून नाकात नवी वाट काढतील. सोबतीला मावशी आहे. काही महिने आत एक बारीक नळी राहील. ती काढली की डोळा वाहायचा थांबावा, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. त्यानंतर मात्र माझा गाल ओला दिसला तर मलाच विचार, मावशीला नको. मी खरं सांगेन.

तुझीच,
आई