रिकाम्या टाकीचे चार

चि. धाकटीस,

थोरलीचा आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? माझे दुखतात, म्हणजे जागेवर आहेत. पत्र वाचताना जीव टांगणीला लावून घेऊ नकोस, सगळं निभावलंय. निभावलं नसतं तर मी लिहायला बसलेच नसते.

आपली चष्मेवाली नात कारखान्यात कच्च्या नोकरीवर होती, हे तुला ठाऊक आहे. साहेबांनी तिला सर्किटची एक हिरवी पट्टी बनवायला सांगितली. चालली तर नोकरी पक्की, नाहीतर बस घरी. टाकी किती भरलीय ते ही पट्टी लांबच्या खोलीत कळवते. टाकीवरचं यंत्र व्होल्टेज देतं, पण लांब तारेत ते वाटेतच विरतं (तू स्वयंपाकघरातून मारलेल्या हाकेसारखं). म्हणून ही पट्टी त्याचा करंट करते. करंट या टोकाला घालावा तेवढाच त्या टोकाला निघतो. हे तिने मला पुन्हा पुन्हा समजावलं, शेवटी तिची दया येऊन मी मान हलवली. हा सगळा पसारा जेवणाच्या टेबलावर, आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन.

चाचणीच्या आदल्या दिवशी ती आंघोळीला गेली आणि तुझे भाऊजी टेबलापाशी आले. निवृत्त झाल्यापासून ते घरातलं ढिलं ते घट्ट करतात आणि घट्ट ते ढिलं. टाकी रिकामी आहे असं धरून तिने पट्टीला मीटर लावून ठेवला होता आणि तो चार दाखवत होता. रिकाम्या टाकीचे चार कसे? पोरीचं चुकलं, असं ठरवून त्यांनी चष्म्याच्या पेचकसाने एक बारका स्क्रू पिळला, काटा शून्यावर आणला, आणि तिला वाईट वाटू नये म्हणून मोठ्या मनाने गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात पट्टी जोडताच लाल दिवा लागला आणि भोंगा वाजला. साहेब म्हणाले, उद्या शेवटची संधी. पोरगी घरी आली ती भिंतीकडे बघत बसली. तेव्हा भाऊजी तिची समजूत घालायला गेले, की मी तर शून्यावर आणून ठेवलं होतं.

तिने चष्मा काढला. म्हणाली, "आजोबा, रिकामी टाकी म्हणजे चार. शून्य म्हणजे तार तुटली."

भाऊजींनी खिशातला पेचकस काढून तिच्यापुढे ठेवला. पोरगी मात्र हसत सुटली, कारण चूक तिच्या पट्टीची नव्हती, घरातल्या माणसाची होती. स्क्रू परत पिळला, काल चाचणी पार पडली, नोकरी पक्की. मी काल टेबलावर ताट ठेवून जेवले.

तुझी,
थोरली

ता. क. पेचकस मी पिठाच्या डब्यात लपवलाय. भाऊजींनी विचारलं तर तुला माहीत नाही.

ता. क. दुसरा. तुझ्या नव्या पडद्यांना मी नावं ठेवली, तेव्हापासून तुझं पत्र नाही. पडदे वाईटच आहेत. पण सांगण्यासारखं काही नसलं तरी चार ओळी पाठवत जा. हवं तर त्या चारही ओळींत मला शिव्या घाल. शून्य नको.