चौकटीत आला तो गेला

६ मार्च, मंगळवार

विनोदी नट गेला. दुपारी दुकानात रेडिओवर ऐकलं. हातात गिऱ्हाइकाची फ्रेम होती. तिचा स्क्रू घरंगळत टेबलाखाली गेला, तो अजून सापडलेला नाही.

परवा शनिवारीच मी त्याच्यावर लिहिलं होतं. पेपरची पुरवणी, पान चार, डावीकडे खाली, ‘नवलाची चौकट’ हे माझं सदर. त्याला म्हणे फक्त डाव्या डोळ्याने रडता यायचं, म्हणून कॅमेरा कायम त्याच बाजूला ठेवत. शनिवारी छापून आलं, मंगळवारी माणूस नाही. गेल्या महिन्यात एका पैलवानाचं असंच झालं. स्वेटर विणायचा तो. शनिवारी जगाला कळलं, गुरुवारी गेला.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. मी शिकलेला माणूस आहे. चष्म्याच्या दुकानात अंधश्रद्धा चालत नाही. ही रोजनिशी फक्त नोंदीसाठी. घाबरलोय म्हणून नाही.

७ मार्च, बुधवार

दुकानाचे मालक मला विश्वकोश म्हणतात. आज सगळ्यांसमोर विचारलं, विश्वकोश, आता कोणाचा नंबर? गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो. मग मागे जाऊन पाणी प्यायलो.

१० मार्च, शनिवार

संकल्प: यापुढे फक्त मेलेल्यांवर लिहायचं. त्यांचं काही बिघडत नाही.

आजच्या चौकटीत तो जुना खगोलशास्त्रज्ञ, द्वंद्वयुद्धात नाक कापलं गेलं म्हणून धातूचं नाक लावून हिंडणारा. एका बाईंना चष्म्याची नोजपॅड बसवता बसवता हे सांगितलं. त्या चष्मा न घेताच गेल्या. लोकांना इतिहासाची आवड राहिलेली नाही.

हाच माणूस मेजवानीत लघवीला लागली असताना शिष्टाचार म्हणून उठला नाही, त्यातून आजारी पडला आणि गेला, असंही म्हणतात. आज दिवसभर दर तासाला जाऊन आलो. मालक म्हणाले, शुगर तपासून घ्या.

१३ मार्च, मंगळवार

पुरवणीच्या मॅडमचा फोन. रंगभूमीवरचा तो थोर नट ऐंशीचा होतोय, शनिवारी त्याच्यावरच हवं. मी विचारलं, एखादा मेलेला नट चालणार नाही का? त्या म्हणाल्या, शुक्रवारपर्यंत पाठवा.

ठामपणे नाही म्हणायचं ठरवलं होतं. ‘हो मॅडम’ असे शब्द बाहेर पडले.

१७ मार्च, शनिवार

छापून आलं. नटाला स्वतःचा फोटो भिंतीवर लावलेला खपत नसे, हे नवल. शेवटी खबरदारी म्हणून ‘त्यांना उदंड आयुष्य लाभो’ असं तीनदा लिहिलं होतं. मॅडमनी दोनदा कापलं. बघू.

१९ मार्च, सोमवार

गेला.

झोपेतच गेला. सगळे म्हणतात, ऐंशी वर्षांचा होता, कधीतरी जायचाच. म्हणणाऱ्यांचं काय जातं? लिहिणारा मी आहे. धाबं दणाणलंय. तिघं. माझ्या लेखणीत काहीतरी आहे. तसं पाहिलं तर भल्याभल्या संपादकांच्या लेखणीला एवढी धार नसते. हा विचार मनात आल्याबद्दल स्वतःच्याच तोंडात मारून घेतली.

संकल्प: लिहून पाठवायचं, पण छापलेलं बघायचं नाही. पान चार उघडायचंच नाही.

२१ मार्च, बुधवार

मॅडमची मेल. विषय: ‘सदराचा शेवट’. न उघडता डिलीट केली. मग डिलीट केलेल्यातूनही डिलीट केली. शेवट हा शब्द सध्या मला कुठेच नको.

त्यांना लागलीच नवी चौकट पाठवली. फ्रान्सच्या राजाचा संगीतकार. ताल द्यायची जड काठी स्वतःच्याच पायाच्या बोटावर आपटून घेतली, जखम चिघळली, त्यातच मेला. तीनशे वर्षांपूर्वीच मेलेला आहे. सुरक्षित.

२२ मार्च, गुरुवार

मामा माझ्या खोलीत आले. ते कधी येत नाहीत. आईच्या पाठचे भाऊ. आई गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं, आता आमच्या मागच्या खोलीत राहतात. आयुष्यभर नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. विंगेत बसून, नट अडला की पुढचा शब्द हळूच द्यायचा, हे काम. लोकांना दिसले तर नोकरी जायची.

त्यांनी दार लावून घेतलं आणि सांगितलं. त्या थोर नटाचा गाजलेला प्रयोग होता, त्याच दिवशी त्याचा आवाज पूर्ण बसला. थिएटर भरलेलं. मग मामांनी पडद्याआडून त्याची सगळी भूमिका बोलून काढली, नटाने नुसते ओठ हलवले. टाळ्या थांबत नव्हत्या, म्हणाले. नटाने शब्द घेतला होता की तो जिवंत असेपर्यंत कुठे बोलायचं नाही. मामींनासुद्धा सांगितलं नाही. आता तो गेला, आता हरकत नाही.

तू एवढ्या जगभरच्या गमती लिहितोस, ही एक लिही, म्हणाले. माझं नाव एकदा छापून येऊ दे. पूर्ण. वडिलांच्या नावासकट.

मला दरदरून घाम फुटला. मी म्हणालो, मामा, चौकटीत जागा फार कमी असते.

२४ मार्च, शनिवार

सकाळी बायकोने पुरवणीचं पान मला दिसायच्या आत घडी घालून कपाटावर टाकलं. विचारलं तर म्हणाली, आज काही विशेष नाही हो. बिचारी. तीही घाबरली आहे.

दुकानात मालक पुरवणीत डोकं खुपसून, हातात पेन्सिल. मला बघितल्याबरोबर पान मिटलं. ओळीखाली रेघा मारून वाचतात तर.

२८ मार्च, बुधवार

मामांनी पुन्हा विचारलं. मी म्हणालो, पुरावा लागतो. ते म्हणाले, मी आहे की. मी म्हणालो, वाचकांना परदेशातलं जास्त आवडतं. ते म्हणाले, बरं.

खरं कारण कसं सांगू? परदेशात एका सर्कसवाल्याचा मृत्युलेख तो जिवंत असतानाच पेपरने छापला, त्याला वाचायला मिळावा म्हणून. तो वाचून खूश झाला म्हणे. दोन आठवड्यांत गेला. हे मी बनवलेलं नाही, इतिहास आहे. आणि मामांना सकाळपासून खोकला आहे.

३१ मार्च, शनिवार

मामा माझ्याशी बोलत नाहीत. बोलत नाहीत म्हणजे भांडण नाही. चहा पुढे केला की घेतात. मी खोलीत गेलो की वर बघत नाहीत. आज अर्धीच पोळी खाल्ली.

लिहावं तर माझ्या हातून जातील. न लिहावं तर मनाला लावून घेऊन जातील. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मी मध्ये उभा राहून घाम पुसतोय. एका गिऱ्हाइकाला डाव्या डोळ्याची काच उजव्याला बसवून दिली. तो पायरी चुकला. त्याच्यावर मी काही लिहिलेलंही नव्हतं.

४ एप्रिल, बुधवार

बायको चिडली. म्हणाली, अहो, एवढा जीव टांगणीला लावून बसलाय म्हातारा माणूस, चार ओळी लिहून टाकायला काय होतंय? छापतील न छापतील ते त्यांचं ते बघतील. मी म्हणालो, माझं आजवर काही परत आलंय का? ती भांडी घासत राहिली.

५ एप्रिल, गुरुवार

लिहिलं. आणि अशी युक्ती केली की माझं मलाच कौतुक वाटलं.

नाव घातलंच नाही. ‘एक प्रॉम्प्टर’ एवढंच. यमाला पत्ताच मिळणार नाही. नटाचं नाव मात्र चार वेळा घातलं, तो गेलेलाच आहे. पाठवलं. मग कच्चा कागद फाडला, फोनमधूनही पुसून टाकलं. घरात त्या मजकुराचं अक्षर राहू दिलं नाही. खबरदारी म्हणजे पूर्ण खबरदारी.

७ एप्रिल, शनिवार

मामा पहाटेच उठले. दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घालून स्वतः पेपर आणायला गेले. खोकला असताना. मी खिडकीतून बघत होतो. ते रस्ता ओलांडेपर्यंत मी तिथूनच गाड्यांना हात दाखवत होतो.

उशिरा परत आले. हातात पेपर. मी लांबूनच विचारलं, वाचलंत? वाचलं, म्हणाले. चांगलं जमलंय. मग खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

नावाबद्दल काही बोलले नाहीत. वयामुळे लक्षात आलं नसेल. समाधान झालं की माणूस असाच शांत होतो.

आता खरी परीक्षा. आठवडाभर काही होता कामा नये. पैलवान गुरुवारी, विनोदी नट मंगळवारी, थोर नट सोमवारी.

९ एप्रिल, सोमवार

रजा काढली. न्हाणीघरात रबरी चटई. मामांच्या पलंगाच्या कोपऱ्यांना फडकी बांधली. त्यांचा गळपट्टा लपवला (ती नर्तिका, मोटारीच्या चाकात जिचा स्कार्फ अडकला). मामांनी मागितला. सापडत नाही म्हणालो. खोकला वाढला. परत दिला, पण आखूड कापून.

त्यांच्या दाराशी स्टूल टाकून बसलो. मामा म्हणाले, अरे, तुला काही होतंय का? मी म्हणालो, मला काय होणार?

१३ एप्रिल, शुक्रवार

शुक्रवार. तेरा तारीख. तो इटालियन संगीतकार या दोन्ही गोष्टींना भ्यायचा म्हणे, आणि गेला तेरा तारखेच्या शुक्रवारीच. मामांना अंथरुणातून उठू द्यायचं नाही असं ठरवलं.

मामा मुकाट्याने पडून राहिले. पलंग भिंतीपासून दूर सरकवावा म्हणून मीच जोर लावला, तो माझ्याच पायाच्या अंगठ्यावर आला. नख काळंनिळं. चिघळलं तर? फ्रान्सचा तो संगीतकार डोळ्यांसमोर आला आणि मला चक्कर आली. मामांनी उठून मला त्यांच्याच पलंगावर झोपवलं, बर्फ लावला, दिवसभर उशाशी बसले. भिऊ नकोस, म्हणाले. मी लहान असताना म्हणायचे तसं. मला रडू आलं. अंगठ्यामुळे.

१४ एप्रिल, शनिवार

मामा जिवंत. खोकलाही बरा.

जिंकलो. शाप होता, पण तोडला. एका माणसाने, नुसत्या डोक्याच्या जोरावर. सोमवारी पेपरच्या ऑफिसात जाऊन त्या शनिवारचा अंक मागायचा, चौकट कापून फ्रेम करून मामांना द्यायची. आपली कॉपी त्यांनी कुठे ठेवली विचारलं, तर म्हणाले, रद्दीत गेली वाटतं. विसरभोळे.

१६ एप्रिल, सोमवार, दुपार

पेपरच्या ऑफिसात गेलो. लंगडत. मॅडमनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. त्या घाबरलेल्या दिसल्या. मला वाटलं, यांनाही कळलं शेवटी. मी दिलासा दिला की आता काळजीचं कारण नाही.

त्यांनी विचारलं, माझी मेल मिळाली नाही का? सदर मार्चमध्येच बंद केलं. त्या नटाची चौकट शेवटची. तरी तुम्ही पाठवतच राहिलात, मला फोन करायचा धीर होईना. मी म्हणालो, पण तिथे काय छापता? त्यांनी अंक पुढे ठेवला. पान चार, डावीकडे खाली. सुडोकू.

त्यांनी सांगितलं की वाचकांचा प्रतिसाद खूप चांगला आहे. मी विचारलं, कोणाची तक्रार आली? माझं सदर गेल्याबद्दल? त्यांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.

मी पाठवलेलं परत मिळेल का, विचारलं. ते न उघडताच पुसलं गेलं होतं. मेलबॉक्स भरतो, म्हणाल्या.

संध्याकाळ

मालकांची पेन्सिल कशासाठी होती ते कळलं. बायकोने पान का लपवलं तेही. कोणी भ्यालं नव्हतं. माझी कीव येत होती.

मामांच्या खोलीत गेलो. ते खिडकीशी बसले होते. म्हणालो, मामा, त्या शनिवारी छापून आलंच नव्हतं. म्हणाले, माहीत आहे. स्टॉलवर उभा राहून सगळी पानं दोनदा चाळली. मी विचारलं, मग ‘वाचलं’ असं का म्हणालात? म्हणाले, तू इतका भेदरलेला होतास, म्हटलं आणखी कशाला. मी तर एवढी वर्षं थांबलोच होतो.

आठवडाभर मी ज्यांची राखण करत होतो, ते माझी राखण करत होते.

मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, नाव कसं घातलं होतंस रे? पूर्ण?

हो, म्हणालो.

वडिलांच्या नावासकट?

हो, म्हणालो. सगळ्यात वर.

मामा म्हणाले, मग झालं तर. आणि चष्मा काढून पुसत बसले.