आशीर्वादातली चूक

पुणे, जुलै १९४६

प्रिय बाबांस दीनाचा सलाम.

मी खुशाल आहे. बोर्डिंगात पोटभर मिळते, खोकलाही गेला. शेळी व्याली का? कोल्हारला प्रवरेचे पाणी चढले असेल. धाकट्या दयाला एकटीला धुणे घेऊन पाठवू नका.

कॉलेजात पुन्हा त्याच वर्गात बसते आहे. बरोबरच्या मुली पुढे गेल्या, नव्या मुली मला 'ताई' म्हणतात. राग येतो, पण त्यांचा काय दोष? मागे पडण्याची मला सवयच आहे. हिवतापात शाळेचे एक वर्ष गेले, मॅट्रिकही दुसऱ्या खेपेला झाले. तेव्हा तुम्ही म्हणाला होता, "थांबलीस तरी चालंल, पन माघारी फिरू नको."

तुम्ही शाळेत मास्तर, तसे घरीही मास्तर! माझे प्रत्येक पत्र लाल शाईने तपासून परत धाडत होता. मला भारी चीड यायची. पण नापास झाल्याचे कळवले, ते पत्र परत आलेच नाही. त्यात एकही चूक नव्हती का? आईने दयाकडून लिहवून घेतले, की बाबा बरे आहेत. बरे आहेत, तर गप्प का?

शिक्षण सोडून ये म्हणालात तर येईन. पण काहीतरी म्हणा.

तुमचा आर्शिवाद असू द्या. हा शब्द मी लहानपणापासून चुकते. आज मुद्दाम चुकवला आहे. त्यावर काट मारा आणि बरोबर शब्द तुमच्या हाताने लिहून पाठवा.

तुमची लेक,
दीना