मोलकरणीची बोली

फौजिये,

सलाम-दुआ काही न्हाई. कराचीला नांदायला गेलीस, टीव्हीत नटी झालीस, आता डायरेक्टर झालीस, ते ऱ्हाऊ दे. पण तुज्या टीव्हीवरल्या उर्दू नाटकातली येडी मोलकरीण "आगं बया, व्हय का!" म्हणती आन् समदी हसत्यात, ती आपल्या अम्माची बोली हाय. हितं भोरात कॅसेट बघताना तुज्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

अम्माला चेष्टा कळलीच न्हाई. "पोरगी माजी बोली इसरली न्हाई," म्हणून रडली. आता रोज कॅसेट लावायला सांगती.

हे पत्रबी तिनंच लिवायला बसवलं. म्हणाली, "फौजीला कळव, त्या मोलकरणीला आजून बोलू दे."

धाडलं तर तू माफी मागशील, आन् अम्माला समदं कळंल. म्हणून चुलीत घालते.

तुजी थोरली भन,
अकिला