दुपारची सुजाता

३ फेब्रु., सोम.
दाराने आज पुन्हा घेतलं नाही. भाजीच्या पिशव्या खाली ठेवल्या, उजवा अंगठा पुसून लॉकवर लावला, लाल दिवा. परत पुसला, परत लाल. शेवटी बोटाच्या पेराने आकडे दाबून आत आले. आई सोफ्यावरच बसलेली होती. कुणी आलं तरी दार उघडायचं नाही हे आम्हीच तिला बजावलंय. बाकी सगळं विसरते, तेवढं मात्र पक्कं लक्षात आहे.

बोटांची टोकं गुळगुळीत झालीत. लाल, चकचकीत, मधे मधे चिरा. रेषा शोधूनही सापडत नाहीत. लॅबच्या गेटवरही हल्ली कार्ड दाखवावं लागतं. निखिल म्हणाला, "आता बँक लुटायला हरकत नाही." चांगी बिझनेस पार्कात बसून बँकेचीच चाकरी करणारा नवरा. बोलू दे.

६ फेब्रु., गुरु.
नोव्हेनाच्या त्वचारोग दवाखान्यात गेले एकदाची. डॉक्टरबाई तमिळ, वयाने माझ्याहून लहान, बोलण्यात घाई. हात उलटेपालटे करून बघितले आणि पहिला प्रश्न: लसूण कुठल्या हातात धरता? डाव्या. "दिसतंय," म्हणाली. डाव्या हाताची तीन बोटं लसणाची, उजवा हात बहुतेक लॅबमधल्या रबरी हातमोज्यांचा. हाताचा एक्झिमा. लागण होत नाही, पण चिवट आहे.

रोज एकदा मलम, रात्री वर सुती मोजे. हात धुतले की दर वेळी साधी पेट्रोलियम जेली. लसूण, टोमॅटो, लिंबू यांना हात लावायचा नाही. मग मी स्वयंपाक काय पायाने करू? मलमात स्टेरॉइड आहे म्हटल्यावर माझा चेहरा पडला, तर म्हणाली, सांगितलंय तेवढेच दिवस लावायचं, स्वतःच्या मनाने वाढवायचं नाही, मधेच सोडायचंही नाही. भावाने नागपूरहून पाठवलेली ट्यूब दाखवली. तिने ती वाचली आणि मला न विचारता कचऱ्याच्या डब्यात टाकली. चार औषधांची खिचडी आहे म्हणे, त्यानेच बिघडत जातं.

रेषांचं विचारलं. परत येतात. त्यांचा नमुना कातडीच्या खालच्या थरात असतो, वरचं कितीही झिजलं तरी खालून तोच उगवतो. "तुमचा अंगठा तुमचाच राहणार, घाबरू नका." घाबरले नव्हते. तिने म्हटल्यावर घाबरले.

८ फेब्रु., शनि.
जेवणानंतर आईच्या पायांना तेल. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून तिला वाकता येत नाही, आणि तेल लागल्याशिवाय डोळा लागत नाही. लहानपणी ती माझ्या पायांना लावायची, आता मी. सिंगापूरला आणल्यापासून हा एकच नेम मी चुकवला नव्हता.

आज मोजे घालून लावलं. तिने पाय आखडून घेतले. माझ्याकडे बघून अगदी आदराने म्हणाली, "सिस्टर, माझी मुलगी कधी येईल हो?"

मी म्हटलं, आई, मीच सुजाता. ती माझ्या मोज्यांकडे बघत राहिली.

तिचं विसरणं वाढणार हे डॉक्टरांनी सांगितलंच आहे. चेहरे आधी जातील. स्पर्श राहतो बराच काळ, असं वाचलं होतं आणि त्यावरच भिस्त ठेवली होती. ती पूर्ण विसरायच्या आत माझे हात बरे व्हायला हवेत. बाकी मला काही नको.

१० फेब्रु., सोम.
ॲलर्जी तपासायला पाठीवर पट्ट्या. बारीक बारीक चकत्यांमध्ये नाना रसायनं. शुक्रवारपर्यंत पाठ भिजवायची नाही, घामही नको. या गावात घाम नको. डॉक्टरबाईला विनोदबुद्धी आहे तर.

१४ फेब्रु., शुक्र.
निकाल: हातमोज्यांच्या रबरात घालतात त्या रसायनाची ॲलर्जी. म्हणजे हात वाचावेत म्हणून जे दिवसभर चढवत होते त्यानेच हात खाल्ले. लॅबला वेगळे मोजे मागवायला सांगितलं. आत सुती अस्तर घालायचं.

घरी आले तर आई खुशीत. म्हणाली, "दुपारी बरं वाटलं बाई. रोज येत जा अशी."
"मी कुठे आले दुपारी?"
"आली नाही? पाय चोळून दिले, अन् चाललीबी घाईघाईने. एवढी घाई काऊन करून राहिली?"

मी दिवसभर लॅबमध्ये होते, मधे फक्त नोव्हेना. निखिल म्हणाला, स्वप्न पडलं असेल, तिला खूश राहू दे. बरोबर आहे. पण "मोजे नव्हते आज," असंही ती म्हणाली.

१९ फेब्रु., बुध.
ईरा शाळेतून येते तेव्हा घरात आजी एकटीच असते. आज मी आल्या आल्या तिची तक्रार: "आई, आजीचे पाय so oily, फरशी पण. I nearly slip, lah. तू lunch ला येऊन तेल लावून जातेस तर पुसून तरी जा."

मी पुसलं. स्वयंपाकघरात वाटी होती, तळाशी तिळाचं तेल. बाटली मी वरच्या फळीवर ठेवते. आईचा हात तिथे पोचत नाही, आणि पोचला तरी ती वाकणार कशी?

ईराला म्हटलं, हो, विसरले पुसायला. का खोटं बोलले कळत नाही. तिने घाबरू नये म्हणून, असं आता लिहितेय.

२२ फेब्रु., शनि.
निखिलला सांगितलं. त्याने हसत फोनवर लॉकचं ॲप उघडलं आणि हसायचा थांबला. मला विचारलं, "तू खरंच येत नाहीस ना?"

दार कुणी उघडलं हे त्यात दिसतं. सकाळी आम्ही, तिसऱ्या प्रहरी ईरा, संध्याकाळी आम्ही. आणि कामाच्या दिवशी दुपारी, 'सुजाता', अंगठा. संध्याकाळीही सुजाता आहेच, पण ती आकडे दाबून आलेली.

माझ्या त्या अंगठ्याला महिनाभर रेषा नाहीत. निखिल म्हणतो सॉफ्टवेअरची गडबड. त्याचं पोट त्यावरच चालतं, तेव्हा त्याला ठाऊक असणार. पण रात्री दाराला आतून साखळी लावून आला.

२७ फेब्रु., गुरु.
अर्धी रजा टाकून दुपारी घरी आले, कुणालाही न सांगता. अंगठा लावला, लाल. आकडे दाबले.

घरात गरम तेलाचा वास. आई सोफ्यावर, पाय पुढे स्टुलावर, पोटऱ्यांपर्यंत चकचकीत. मला बघून दचकली. "कोण पाहिजे तुम्हाला?"
"आई, मी."
"ती आत्ताच गेली. लिफ्टपाशी भेटली नाही तुम्हाला?"

लिफ्टमधून मी एकटीच बाहेर पडले होते. कॉरिडॉरमध्ये शेजारच्यांचे कपडे वाळत होते, बाकी काही नाही. ओट्यावरची वाटी हातात घेतली. कोमट होती. ती तिथेच ठेवून संडासात जाऊन बसले. भीती वाटली हे इथे तरी सरळ लिहायला हवं. खूप वाटली.

३ मार्च, सोम.
आमच्या घरात भूतखेत हा शब्द काढला तरी बाबा ताटावरून उठायचे. संध्याकाळच्या वंदनेनंतर आम्हा भावंडांना बसवून सांगायचे, दिसलं ते तपासा, तपासता येत नसेल तर थांबा. त्यावर मी वाढले, त्यावरच पोट भरते. म्हणून तपासायचं ठरवलं. निखिलने हॉलमध्ये कॅमेरा लावला.

कॅमेऱ्यात आज दुपारी आई काठीचा आधार घेत उठते, जवळ येते, कॅमेरा हळूच भिंतीकडे फिरवते. पुढे नुसती भिंत. मग दार उघडल्यावर वाजते ती लॉकची धून, आणि आई कुणाशी तरी बोलते, लाडात, ताईच्या लग्नाचं, बाबांच्या सायकलचं. मधे मधे थांबते, जशी आपण समोरचा बोलत असताना थांबतो. दुसरा आवाज नाही.

"कॅमेरा काऊन फिरवला?" मी तिच्याच भाषेत विचारलं.
"तुला आवडत नाही ना."

निखिल म्हणाला कुलूपच बदलू. मी म्हटलं, थांब जरा. तो मला वेड्यात काढतो की काय अशा नजरेने बघत होता. त्याच्याकडून आठवडाभराची मुदत मिळाली.

९ मार्च, रवि.
मलमाने चिरा भरल्या, पण सोलवटणं थांबेना म्हणून आता प्रकाशाचे उपचार. आठवड्यातून दोनदा नोव्हेना. एका पेटीत हात घालून बसायचं, जांभळट दिवे लागतात, थोड्याच वेळात संपतं. त्यानेही भागलं नाही तर गोळ्या, पण त्यांना रक्ताच्या तपासण्या लागतात, म्हणून ते शेवटी.

शनिवार-रविवार ती येत नाही. घरात आम्ही असतो ना. दोन्ही दिवस आई चिडचिडी, जेवणाला नकार, दाराकडे डोळे. म्हणाली, "दुपारची तू बरी असते. संध्याकाळी काय होते तुला?"

मला तिचा राग येतो. आईचा नाही, तिचा. कोण आहे, आहे की नाही, हे दूरच. माझ्या आईचे पाय चोळते, माझ्या नावाने. बाई, माझे हात बरे झाले की बघते तुझ्याकडे.

१८ मार्च, मंगळ.
रेषा आल्या.

खिडकीशी धरून बघितलं. उजव्या अंगठ्यावर फिकट, पण सलग. नोव्हेनाच्या डॉक्टरबाईने भिंग लावून दाखवल्या, तिला माझ्यापेक्षा जास्त आनंद. लॅबच्या गेटने पहिल्या झटक्यात घेतलं. तिथे नोंदवलेला ठसा नोकरी लागली तेव्हाचा आहे. म्हणजे तोच अंगठा, जुनाच, माझाच. रस्त्याने चालताना उगीच अंगठा चोळत होते.

घरी आले. लावला.
लाल.

३१ मार्च, सोम.
हरी रायाची, म्हणजे इथल्या ईदची सुट्टी, सगळे घरी. सकाळपासून आई दाराशी खुर्ची ओढून बसलेली. दुपार झाली तशी अस्वस्थ. कॉरिडॉरमध्ये कुणाची चप्पल वाजली की मान वर. कुणी आलं नाही.

मग मी तिच्यासमोर खाली बसले. मोजे नाहीत. हात मऊ झालेत आता, खरंच झालेत. तेल कोमट केलं, तळव्यापासून सुरुवात केली, ती लावायची तशीच. आधी टाच, मग बोटांच्या बेचक्या. थोडा वेळ तिने लावू दिलं. मला वाटलं, झालं, ओळखलं. मग पाय हळूच काढून घेतले आणि लुगड्याखाली घेतले. परक्या माणसाला वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणाली, "राहू द्या. माझी मुलगी येईल, ती लावते."

स्वयंपाकघरात जाऊन रडले. ईरा पाठीमागे येऊन उभी राहिली. उशीर झाला. हात बरे व्हायच्या आत दुसरं कुणीतरी तिथे बसून गेलं.

५ एप्रिल, शनि.
लॉकवाला आला. निखिल बाजारात गेला होता, तो येईपर्यंत थांबायला हवं होतं बहुधा. चिनी म्हातारा, बोलका. माझा अंगठा चार वेळा लावून बघितला, मग यंत्र फोनला जोडून आतलं बघितलं.

"युअर थम्ब गुड, मॅम. इन्साइड वन ऑल्सो गुड, व्हेरी क्लिअर. बट नॉट सेम."
मी म्हटलं, पण नोंदवला होता तो माझाच.
त्याने समजावलं. हे यंत्र शिकत राहतं. कातडी बदलते, माणूस म्हातारा होतो, म्हणून दर वेळी दार उघडलं की आतला ठसा थोडा थोडा बदलून घेतं. रोज जो अंगठा लागेल, हळूहळू त्याचाच होऊन बसतं. तुम्ही बरेच दिवस लावला नाही ना, म्हणाला. मग घरातल्या दुसऱ्या कुणाचा असेल.

तिचा सुरुवातीला कसा लागला, हे त्याला विचारलं. त्याने खांदे उडवले.

"ओल्ड वन डिलीट, कॅन?"

त्याचं बोट फोनवर तयार. मी हो म्हणणार होते. इतके दिवस याचीच वाट बघत होते, निखिल तर केव्हापासून मागे लागलाय. आई सोफ्यावरून बघत होती. तिला आमचं इंग्रजी कळत नाही, पण दाराचं काहीतरी चाललंय एवढं कळलं. म्हणाली, "दार बिघडलं का हो? सोमवारी तिला येता येईल ना?"

किती दिवसांनी तिने मला सरळ काही मागितलं.

म्हाताऱ्याला सांगितलं, राहू दे तो. माझा वेगळा घाल.

त्याने माझा अंगठा नव्याने घेतला. नाव काय, म्हणाला. सुजाता. टाकलं, यंत्राने घेतलं नाही. "धिस नेम ऑलरेडी हॅव." मग त्यानेच मार्ग काढला, आणि मी चालेल म्हटलं.

'सुजाता २'. लावून बघितला. हिरवा दिवा, दार उघडलं. आईने मान वर करून बघितलं आणि परत खाली घातली.